घोडा बाहेर राहो, पण बेवारशी नको

टांग्यांचे दिवस मागे पडले, तरी आपल्या बेळगाव भागात घोडे अजून आहेत. शर्यतीच्या गाडीसाठी घोडा पाळणारे शेतकरी आहेत, वरातीला घोडी देणारी घरे आहेत, आणि धनगरांची ओझ्याची तट्टे मेंढरांबरोबर आपल्या मोकळ्या शेतांत उतरतात. यांतील बरीच जनावरे बारा महिने उघड्यावरच असतात. त्यात वावगे काही नाही, असे आमचे मत आहे. वावगे आहे ते हे की, हंगाम संपला की दावे सोडून घोड्याला रस्त्यावर हाकलायचे आणि काम निघाले की पुन्हा शोधून आणायचे.

घोडा दिवसरात्र थोडे थोडे खात, चालत राहणारा प्राणी आहे. कोंदट गोठ्यात मुताची वाफ आणि चाऱ्याची धूळ त्याच्या छातीला बाधते. तेव्हा बाहेर ठेवणे हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. मात्र बाहेर म्हणजे सावली, पाणी, कोरडी जागा आणि धन्याची रोजची नजर असलेली जागा.

उन्हाळ्यात पहिली गरज पाण्याची. साधारण घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते, काम असेल तर त्याहून जास्त. घामावाटे मीठ जाते, म्हणून मिठाचा खडा चाटायला ठेवावा. दमून आलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये, असे जुने लोक सांगत. आता तज्ज्ञ तसे मानत नाहीत. थोडे थोडे, पण लगेच पाजावे. सावली आंब्याची किंवा चिंचेची उत्तम. ठेंगणा पत्रा म्हणजे भट्टीच.

खरी कसोटी पावसाळ्याची, त्यातही खानापूरकडच्या पावसाची. नुसत्या भिजण्याने धडधाकट घोड्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते चिखलात उभे राहून. खूर मऊ पडतात, तळव्याच्या खाचेत घाण साचून सडते आणि काळा, घाणेरडा वास येणारा स्राव निघतो. म्हणून मुरूम टाकून एक उंचवटा करावा, त्यावर तीन बाजूंनी आडोसा आणि उंच छप्पर द्यावे. पाठ पश्चिमेच्या वाऱ्याकडे असावी. खूर रोज उकरून साफ करावेत आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्यावेत. पाठीवर प्लॅस्टिकचा कागद बांधण्याची जी पद्धत दिसते ती आम्हांस पसंत नाही. आत घाम कोंडतो आणि कातडीला खपल्या धरतात.

पावसाळ्यात आणि त्यानंतर चावऱ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा पसरतो. ताप येतो-जातो, घोडा खात असूनही खंगतो, पोटाखाली व पायांना सूज येते. अशा वेळी झाडपाल्यात दिवस घालवू नयेत; डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. या रोगावर औषध आहे.

नाताळच्या सुमाराची थंडी आपल्याकडच्या घोड्याला सोसते. त्याचे अंग केसाळ होते, तीच त्याची घोंगडी. पोटात कोरडा चारा भरपूर हवा, इतकेच.

आता मोकाट सोडण्याविषयी. घोड्याला ओकारी करता येत नाही. उकिरड्यावरची प्लॅस्टिकची पिशवी किंवा बुरसटलेले अन्न पोटात गेले तर पोटशूळ उठतो. घोडा लोळतो, कुशीकडे पाहतो, पायाने जमीन उकरतो, आणि जवळ कोणी नसेल तर काही तासांत मरूही शकतो. गंजक्या खिळ्याची जखम झाली तर धनुर्वाताची भीती असते, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. लस दिलेली असली तर तो टळतो. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर मोटारसायकल येऊन आदळली तर घोड्याबरोबर माणूसही जातो. मोकाट जनावरे एकाच डबक्यावर पाणी पितात, त्यातून ग्लँडर्ससारखा रोग पसरतो. महाराष्ट्रात तो २००६ साली पुन्हा आढळला. नाकातून चिकट शेंबूड, अंगावर फुटणाऱ्या गाठी ही त्याची चिन्हे आहेत. हा रोग माणसालाही होतो, म्हणून अशा जनावराला उघड्या हाताने शिवू नये आणि लागलीच सरकारी पशुवैद्यास कळवावे.

काहीजण पळून जाऊ नये म्हणून पुढचे दोन्ही पाय बांधून सोडतात. काचलेल्या पायांवर जखमा होतात आणि कुत्री मागे लागली तर घोड्याला धावताही येत नाही. जनावराला विनाकारण टाकून देणे किंवा चारा-पाण्यावाचून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी आमचे मत हेच राहिले असते. ज्याच्या पाठीवर कमाई केली त्याला बेकारीत खायला घालणे हा त्या कमाईतलाच खर्च आहे.

परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. तीनशे किलो वजनाच्या तट्टाला दिवसाला सुमारे सहा किलो कोरडा चारा धरला, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांना सात क्विंटलच्या वर लागतो. दोघातिघांनी मिळून एक पडीक शेत कुंपण घालून राखले तर बराच भार हलका होईल, शिवाय घोड्यांना एकमेकांची सोबत मिळेल. उरलेला कडबा सुगीच्या वेळी भाव उतरलेला असतानाच घेऊन त्याची गंजी पावसाआधी झाकून ठेवावी.