केळीची पिलं

मंडळी, खकनारकडच्या केळीबागा आपण लहानपणापासून पाहतो. केळ एकदाच घड देते. बाग पुढे चालते ती कंदातून फुटलेल्या पिलांवर. काही कंद काढून दुसऱ्या शेतातही लावतात. आपण तसेच इंदूर-पुण्याला लावलेले कंद!

मे-जूनच्या वादळात घडाच्या भाराने झाडं मोडतात. म्हणून जुन्या माणसांनी बागेभोवती दाट शेवरी लावली. वारा आधी तिने अडवायचा. वादळ थांबवता येत नाही, त्याचा जोर कमी करता येतो.

यंदा वादळाची बातमी आली तर नुसता ‘सगळं ठीक ना?’ असा मेसेज नको. फोन करा. पंचनाम्याचे फोटो, कागद लावून द्या. जमलं तर दोन दिवस घरी जा. आई-बाबांची शेवरी आता आपणच.