बारा मिनिटे की चार तास?

रत्नागिरी ते कोल्हापूर हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर जेमतेम शंभर किलोमीटर भरते. लहान शहरांना जोडणारी एटीआर विमाने ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने उडतात. म्हणजे हिशेबाने फक्त बारा मिनिटे! विमानतळ गाठणे, तपासणी आणि ताटकळणे मात्र या हिशेबात कोणी धरत नाही. आमची एस.टी. साखरपा, आंबा घाट, मलकापूर करीत सव्वाशेहून अधिक किलोमीटर जाते आणि चारेक तास घेते.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळल्या. आजोबांना तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचे होते. रस्ता सुरू होईपर्यंत आम्ही त्यांच्या अंथरुणाशी बसून राहिलो. ते दिवस कोणत्या हिशेबात धरायचे?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि तीही एस.टी.च्या पासावर. विमानाला माझा विरोध नाही. ते जरूर उडावे. परंतु दोन गावांमधले खरे अंतर सर्वांत गरीब प्रवाशाला लागणाऱ्या वेळावरून मोजावे. त्यासाठी आधी घाटातला रस्ता पावसाळ्यात टिकला पाहिजे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

– द्वितीय वर्ष, कला