कोसबाडच्या टेकडीचे अर्थशास्त्र

अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांना 'सेवाव्रती' म्हणून नमस्कार करून मोकळे होण्याची आपल्याकडे सोय आहे. १३ व्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी. १९४५ साली ताराबाई मोडकांसमवेत बोर्डीला बालवाडी, पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाड. त्याच १९४५ मध्ये तलासरीकडचे वारली वेठबिगार व लग्नगडी प्रथेविरुद्ध उठले. त्या लढ्याचे मोल आपण जाणतो. टेकडीवरील कामाचा आर्थिक आशय मात्र दुर्लक्षितच राहिला.

वारल्यांचे मूल शाळेत येत नसे ते आळसाने नव्हे. गुरे राखणे, धाकटे भावंड सांभाळणे ही त्या घराची उपजीविकाच होती. मूल शाळेत बसले तर आईची मजुरी बुडे. म्हणून शाळाच अंगणात आणि कुरणात गेली. (शिक्षणखात्याला हे कधी सुचले असते काय?) अनुताई लिहीत गेल्या त्याही या मुलांसाठी व त्यांच्या शिक्षिकांसाठी.

१९७५ पासून शासनाची अंगणवाडी देशभर पसरली. ती चालविणारी स्त्री मात्र आजही 'मानधना'वरच आहे. सेवेचा गौरव जितका मोठा, तितके वेतन टाळणे सोपे! सेविकांच्या मागणीपत्रात आपल्या कार्यकर्त्यांनी अनुताईंचे नाव अवश्य घालावे.