स्वहस्तें घडविलेला पावा

मुलांस संगीताची गोडी लागावी, ही इच्छा बहुतेक सुशिक्षित घरांत दिसून येते. त्यासाठीं आईबाप पेटी किंवा विजेवर चालणारा कीबोर्ड विकत आणतात, आठवड्यांतून दोन वेळां शिकवणी ठेवतात, आणि वर्षाअखेर मुलगी पांचसहा गतीं वाजवूं लागली म्हणजे कृतकृत्य होतात. परंतु पेटी मिटतांच त्याच मुलीस साधा पंचम लावतां येत नाहीं, असा अनुभव पुष्कळांस येतो. याचें कारण तिच्या बुद्धींत नाहीं. तिच्या कानास कामच पडलेलें नसतें. पट्टी दाबली कीं स्वर निघतो. तो नेमका आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम दुसऱ्या कोणीं तरी आधींच उरकून ठेवलेलें असतें.

या संबंधांत इंग्लंडमधील एक उद्योग आमच्या वाचकांनीं लक्षांत घेण्याजोगा आहे. मार्गारेट जेम्स या शिक्षिकाबाईंनीं सिसिली बेटांतील धनगरी पाव्यावरून १९२० नंतरच्या दशकांत शाळेंतील मुलांकडून वेळूचे पावे करवून घेण्यास आरंभ केला. पुढें १९३२ सालीं ‘पायपर्स गिल्ड’ ही संस्था निघाली. सभासदानें आपला पावा स्वतः करावा, स्वतः शृंगारावा व स्वतः वाजवावा, असा तिचा दंडक होता. हा केवळ पोरखेळ नव्हे, हें थोर संगीतकारांनींही ओळखलें. राल्फ व्हॉन विल्यम्स यांनीं १९३९ सालीं अशा पाव्यांच्या मेळासाठीं खास रचना केली, आणि फ्रान्समधील पूलँक यांनीं त्यापूर्वीं, १९३४ सालीं, या साध्या वाद्याकरितां एक गत लिहिली.

पावा करण्याची रीत पाहिली म्हणजे तींतील शिक्षण ध्यानांत येतें. वेळूचें कांडें घेऊन त्याच्या एका तोंडास बूच बसवावयाचें, फुंकर जाण्यापुरती फट ठेवावयाची व पुढें लहानशी खिडकी कापावयाची. नळी जितकी लांब तितका स्वर खालचा. म्हणून हवा तो मूळ स्वर मिळेपर्यंत नळी थोडथोडी कापीत जावें लागतें. मग खालच्या बाजूनें एकेक छिद्र पाडावयाचें. तें प्रथम बारीक ठेवून कानशीनें मोठें करीत गेलें म्हणजे स्वर चढत जातो. मुलानें स्वर आधीं गळ्यांत धरावा, फुंकून पाहावें, ऐकावें, आणि पुन्हां घासावें. येथें घाई उपयोगी नाहीं. कारण छिद्र प्रमाणाबाहेर मोठें झालें कीं चढलेला स्वर सहजासहजीं उतरत नाहीं. एका पाव्यापायीं मूल जितक्या वेळां लक्ष देऊन ऐकतें, तितकें तयार पेटीवर वर्षभरांतही ऐकत नसेल.

पेटीशीं आमचें वैर नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिजवर बंदी घातली व १९७१ सालीं ती सैल केली. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. पेटी साथीस असावी, पण कानाची जागा तिनें घेऊं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

यांत आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या वर्गांत लेखणीस मान आहे. कानस, पटाशी व करवत यांस तो नाहीं. तंबोऱ्यास आपण नमस्कार करतों, परंतु मिरजेच्या कारागिरांनीं एकोणिसाव्या शतकापासून पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे आणून तो कसा घडविला, जवारी कशी लाविली, हें आपल्या मुलांस ठाऊक नसतें. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ज्या मुलानें स्वतः एक वेडावांकडा पावा केला आहे, त्यासच त्या कारागिराच्या हाताची खरी किंमत कळेल.

घरीं प्रयोग करावयाचा असल्यास याहूनही सोपी रीत आहे. एका टोकास गांठ राखलेल्या, सारख्या जाडीच्या वेळूच्या नळ्या घ्याव्या व मोकळ्या तोंडाच्या कांठावरून आडवी फुंकर घालावी. आंतून २४ सेंटिमीटर लांबीच्या नळीचा स्वर षड्ज धरला, तर १६ सेंटिमीटरांची नळी पंचमाजवळ व १२ सेंटिमीटरांची तारषड्जाजवळ येते. ‘जवळ’ म्हणण्याचें कारण असें कीं, मोजपट्टी तेथपर्यंतच पोहोंचविते. पुढचा निर्णय कानानें करावयाचा असतो. म्हणून नळी किंचित् लांब कापून घाशीत घाशीत स्वरावर आणावी. करवत चालवितांना वडील माणसानें जवळ बसावें, आणि ती मुलाइतकीच मुलीच्याही हातीं द्यावी.

उन्हाळ्याच्या सुटींत आठदहा दिवस घरांत भुसा पडेल व बेसूर फुंकरींनीं दुपारची झोंप मोडेल. गृहिणींनीं तेवढें सोसावें. त्या फुंकरींतून ज्या दिवशीं शुद्ध पंचम निघेल, त्या दिवशीं तो ओळखणारा कानही घरांत तयार झालेला असेल.