पुलापासून सुरू होणारा इतिहास

कथन कोठून सुरू करावे यावर नायक कोण हे ठरते, असे आपण वर्गात शिकवतो. एखाद्या जागेच्या इतिहासालाही हे लागू पडते.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील हिल्टन हेड हे उपोष्ण हवामानाचे बेट पुळणीसाठी आणि गोल्फच्या मैदानांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या विकासाची कथा बहुधा १९५६ पासून सांगितली जाते. त्या वर्षी मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला आणि लवकरच चार्ल्स फ्रेझर यांची 'सी पाइन्स प्लँटेशन' ही वसाहत आकाराला आली. झाडे राखून त्यांच्या आडोशाने घरे बांधण्याची फ्रेझर यांची दृष्टी गौरवास्पदच होती. आक्षेप आहे तो कथेच्या आरंभाला.

पूल होण्यापूर्वी हे बेट निर्मनुष्य नव्हते. यादवी युद्धात, नोव्हेंबर १८६१ मध्ये, उत्तरेच्या सैन्याने ते जिंकले. गोरे मालक पळून गेले. १८६२ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांचे मिचेलव्हिल हे गाव येथे वसले. त्यांनी आपला कारभार आपण चालवला, मुलांना शिक्षण सक्तीचे केले. या परंपरेतले लोक म्हणजे गुल्ला. त्यांची बोली 'मोडकी इंग्रजी' म्हणून हिणवली जाई. तिच्यातील आफ्रिकी भाषांचा वारसा लॉरेन्झो डाउ टर्नर यांनी १९४९ च्या ग्रंथात सप्रमाण दाखवला.

या पार्श्वभूमीवर 'प्लँटेशन' हा शब्द पाहावा. मराठीत आपण 'मळा' म्हणू आणि काहीच खटकणार नाही, कारण आपल्या मळ्यात मोट आहे, पाट आहे. तेथील शब्दात मात्र गुलामांचा लिलाव आणि फटके आहेत. तोच शब्द विश्रांतीच्या वसाहतींवर सन्मानाने मिरवला गेला, हे केवळ विस्मरणातूनच शक्य झाले.

विस्मरणाची किंमत जमिनीत मोजली गेली. मृत्युपत्राविना अनेक वारसांत सामाईक राहिलेली गुल्ला कुटुंबांची जमीन, एका वारसाचा हिस्सा विकत घेऊन न्यायालयामार्फत विक्रीस काढता येई. काही पूर्वजांच्या दफनभूमी आता पहाऱ्याच्या फाटकांआड आहेत.

अलीकडे काही वसाहतींनी नावातून 'प्लँटेशन' गाळले. ते योग्यच झाले. पण शब्द गाळून कथा दुरुस्त होत नाही. तिचा आरंभ पुलाच्या मागे, निदान मिचेलव्हिलपर्यंत, न्यावा लागेल.