गळतं तिथे भोक नसतं!

आमच्या हॉस्टेलमध्ये पाऊस दोनदा पडतो. एकदा बाहेर, आणि बाहेरचा थांबल्यावर दोन तासांनी आत. टॉप फ्लोअरच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. बादली कुठे ठेवायची, गादी कुठल्या भिंतीकडे सरकवायची, ड्रॉइंग शीट कुठे लपवायची, हे ज्ञान सीनियरकडून ज्युनियरकडे अगदी गुरुशिष्य परंपरेने येतं. दर उन्हाळ्यात कुणीतरी गच्चीवर जातं, खालच्या ओल्या डागाच्या बरोब्बर वर डांबर फासतं, आणि दर जूनमध्ये तो डाग फूटभर सरकून पुन्हा हजर होतो. पहिली दोन वर्षं मीही सगळ्यांसारखा डांबराला शिव्या घातल्या. चूक डांबराची नाही, हे मला आमच्या घरच्या जुन्या मारुती ८०० ने शिकवलं. तिचीच ही गोष्ट, आणि तिच्या निमित्ताने थोडं भांडण.

माझं घर मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर. गाडी बाबांनी सेकंडहँड घेतलेली. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. गाडी त्याच्या बऱ्याच आधीची, त्यामुळे नंबर अजून ठाण्याचा, एमएच-०४. मारुती ८०० चं उत्पादनही २०१४ सालीच थांबलं. ‘एवढी जुनी गाडी ठेवता कशाला, विकून टाका’ असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांनी जुलैत एकदा आमच्याकडे यावं. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. १०८ ची अँब्युलन्स आहे, पण फोन लावायला आधी रेंज लागते! अशा रात्री पाड्यावर उभी असलेली एकमेव चारचाकी ही कुणा एकाच्या मालकीची राहत नाही.

आता थोडं गणित करू, आपण इंजिनिअर आहोत! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मारुती ८०० ची लांबी ३.३३५ मीटर, रुंदी १.४४ मीटर, म्हणजे वरून पाहिलं तर साधारण ४.८ चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस आमच्याकडे काही बातमी होत नाही. तेवढ्या पावसात त्या एवढ्याशा गाडीवर ४८० लिटर पाणी पडतं. त्यातलं ४७९ लिटर बाहेर गेलं आणि फक्त एक लिटर आत आलं, तरी पायाखालचं कार्पेट भिजायला ते पुरे.

आमच्या गाडीत ते येत होतं. ड्रायव्हरच्या शेजारी, डाव्या बाजूला पायाखाली. सुरुवातीला आम्ही मॅट पिळून काढायचो आणि हसायचो. हसू थांबलं ते दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत. रात्री काकूला कळा सुरू झाल्या. जव्हारला न्यायचं ठरलं. बाबा ड्रायव्हिंगला, मी शेजारी, मागे काकू आणि आई. बाहेर धुवांधार पाऊस आणि आत धुकं! वायपर बाहेरचं पाणी पुसत होता, पण पुढची काच आतून पांढरी होत होती. ओलं कार्पेट, चार माणसांचे श्वास, सगळ्या काचा बंद. ती सगळी वाफ थंड काचेवर जमणार नाही तर कुठे जमणार? ब्लोअर लावला तर आणखीच कोंदट वारा यायला लागला. “पूस, पूस!” बाबा ओरडत होते आणि मी पंचाने काच पुसत होतो. वळणावर बाबांनी मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवली. आम्ही पोचलो, काकू सुखरूप, मुलगी झाली. पण परतताना बाबा एकच वाक्य बोलले, “गाडीत पाणी येतंय ही गंमत नाही राहिली आता.”

मग सुरू झाली दुरुस्ती. पहिल्या गॅरेजवाल्याने दाराचं रबर बदललं, कारण पाणी दाराजवळ साचत होतं. गळती तशीच. दुसऱ्याने पुढच्या काचेच्या रबरावर भरपूर सिलिकॉन मारलं. गळती तशीच. (व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरवतं. हे मला नंतर समजलं.) तिसरा तत्त्वज्ञ निघाला. म्हणाला, “पाणी येतंय ना? मग जाऊ द्या की!” आणि त्याने खालच्या पत्र्यालाच भोक पाडलं. आता वरचं पाणी खाली जायचं आणि रस्त्यावरचा चिखल वर यायचा. अडीच हजार रुपये गेले. आणि मी? मेकॅनिकल थर्ड इयर, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बरे मार्क, आणि प्रत्येक वेळी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो!

सुटका केली आज्याने. आज्या शाळेत गेलेला नाही, पण त्याचं आयुष्य भाताच्या खाचरांत पाणी धरण्यात आणि सोडण्यात गेलंय. खेकडे बांध पोखरतात. पाणी खालच्या बाजूला भसाभसा बाहेर पडताना दिसतं, पण तिथे चिखल थापून उपयोग नसतो. ते शेजारून फुटतं. आज्या वरच्या खाचरात बांधाकडेने हळूहळू चालतो, पाण्यावर काडीकचरा टाकतो आणि तो कुठे ओढला जातो ते बघतो. बीळ तिथे असतं, कधी कधी चार हात लांब. माझं सगळं रडगाणं ऐकून तो म्हणाला, “पाणी कुठं दिसतं ते नको सांगू. कवा दिसतं ते सांग.”

कवा? मी पहिल्यांदाच नीट विचार केला. मी बादलीने गाडी धुतो तेव्हा पाणी येत नाही. तासभराच्या सरीत येत नाही. रात्रभर पाऊस लागला आणि गाडी आंब्याखाली उतारावर उभी असली की येतं. ब्लोअरला कुबट वास येतो. म्हणजे कुठेतरी पाणी आधी साठतं, पातळी वाढते आणि मग ओसंडतं. दाराचं रबर खराब असतं तर ते पहिल्या बादलीलाच गळलं असतं.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. कार्पेट बाहेर काढून आतला पत्रा पुसून कोरडा केला आणि त्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, म्हणजे पहिला थेंब कुठे पडतो ते दिसावं. धाकटी बहीण टॉर्च घेऊन आत बसली. मी बाहेरून पाणी ओतत गेलो, खालून वर: आधी दाराची खालची कड, मग वरची, मग काच. काही नाही. मग वायपरच्या खाली जी जाळी असते तिच्यात ओतलं. पुढच्या काचेवरून वाहणारं सगळं पाणी या जाळीखालच्या पन्हाळीत पडतं आणि बाजूच्या वाटांनी खाली जमिनीवर जातं. ब्लोअरला हवासुद्धा तिथूनच मिळते. पहिली बादली गेली. दुसरी रेंगाळली. तिसरीला आतून किंकाळी आली, “आलं! आलं! ब्लोअरमधून आलं!”

जाळी उघडली. आत आंब्याची कुजलेली पानं, मोहोर, माती, आणि मातीत उगवलेलं एक कोवळं रोप! पाणी बाहेर जाण्याच्या वाटा गच्च बुजलेल्या. तारेने त्या मोकळ्या केल्या. खर्च शून्य रुपये, वेळ वीस मिनिटं. पत्र्याचं भोक नंतर नीट बुजवून घेतलं. आणि हो, त्या रात्री ब्लोअर कोंदट वारा फेकत होता, तेव्हाच तो बिचारा उत्तर सांगत होता. आम्ही काच पुसण्यात गुंग!

मागच्या दाराखालीही थोडी ओल होती, तिने दुसरा धडा दिला. दार पाणी आत येऊच देत नाही अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोटात जाणारच, हे बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. त्यासाठी दाराच्या तळाला भोकं असतात आणि आतल्या बाजूला, कव्हरच्या मागे, प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. चुलत भावाच्या लग्नाआधी आम्ही हौसेने स्पीकर बसवले, तेव्हा तो कागद फाडून फेकला होता. ‘पॅकिंगचा असेल’ म्हणून! नवा जाड प्लास्टिक कागद चिकटवला, तळाची भोकं साफ केली, ओल गेली.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी चार ओळी. आधी पाणी पावसाचंच आहे ना ते बघा. कोरड्या दिवशी एसी लावल्यावर पायाखाली ओल आली तर एसीची ड्रेन नळी तुंबलेली असते, आणि पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट असू शकतं. मग पाणी जायच्या सगळ्या वाटा मोकळ्या करा: वायपरखाली, दारांच्या तळाला, डिकीच्या कडेला. दाराच्या रबराची शंका असेल तर दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. जिथे पट्टी सहज निघते तिथे रबर धरत नाही. डिकीत पाणी असेल तर स्टेपनी काढून खालची खोलगट जागा बघा आणि टेललाइटच्या मागचं रबर तपासा. पाणी ओतताना प्रेशर नको; साधा पाइप, खालून वर, एका वेळी एकच जागा, आणि प्रत्येक जागेला पाच-दहा मिनिटं. सिलिकॉनची ट्यूब सगळ्यात शेवटी. आणि दुरुस्ती झाल्यावर कार्पेट पूर्ण वाळवल्याशिवाय परत टाकू नका, नाहीतर काचेवरचं धुकं आणि पत्र्याचा गंज दोन्ही चालूच राहतील.

आता भांडण. मित्रांनो, थर्ड इयरपर्यंत मी किती प्रॅक्टिकल्स केली असतील? प्रत्येकात उत्तर आधीच माहीत होतं. ग्राफ सरळ आला नाही तर आपण काय करतो? मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग ‘ॲडजस्ट’ करतो. ते वाकडं रीडिंगच खरं तर काहीतरी सांगत असतं, ब्लोअरच्या कोंदट वाऱ्यासारखं. बिघडलेली वस्तू समोर ठेवून ‘काय बिघडलंय ते शोध, दुरुस्त नाही केलीस तरी चालेल, पण कसं शोधलंस ते लिही’ असं मला आजवर एकाही व्हायवात कुणी म्हटलं नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं, तेव्हा रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी रबरी सीलचा एक तुकडा बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवून तो थंडीत कसा ताठरतो ते सगळ्यांसमोर दाखवलं. नोबेल मिळालेल्या माणसाला एक ग्लास पाणी पुरलं. आपल्याला मात्र आधी ट्यूब आठवते.

सर म्हणतील, सिलॅबस युनिव्हर्सिटीचा आहे. मान्य. पण हॉस्टेलची गच्ची सिलॅबसमध्ये येत नाही, तिला युनिव्हर्सिटीची परवानगी लागत नाही. म्हणून रेक्टर सरांना आणि सिव्हिलच्या सरांना माझी जाहीर विनंती. या पावसाळ्यात टॉप फ्लोअरवर एक गळती-वही ठेवू या. कुठल्या खोलीत, किती वाजता, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने, थांबल्यावर किती वेळ पाणी आलं, एवढंच लिहायचं. कुठे नाही, कवा! मग पावसाळ्यानंतर आधी गच्चीचे सगळे पाइप आणि जाळ्या साफ करायच्या. त्यानंतर गच्चीचे मातीच्या छोट्या बांधांनी भाग पाडायचे आणि एकेका भागात दोन-तीन दिवस पाणी उभं करून खाली बघायचं. सिव्हिलवाल्यांना हे नवीन नाही, पुस्तकात आहेच. डांबर त्यानंतर, आणि सापडलेल्या जागीच. काम करायला आम्ही पोरं आहोत. क्रेडिट नको, रविवारी मेसमध्ये जिलेबी ठेवली तरी चालेल!

पाणी पडतं एकीकडे आणि निघतं दुसरीकडे, हे खरं तर मोखाड्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. आमच्या तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईच्या नळाला येतं, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतात. तिथली वाट कुठे बुजली आहे हे शोधणं एका जर्नलचं काम नाही, मला कळतं. पण जो माणूस स्वतःच्या डोक्यावरच्या स्लॅबची गळती शोधत नाही, तो ती मोठी गळती कधी शोधणार?

काकूची मुलगी आता चालायला लागली आहे. गाडी धुताना ती मध्ये मध्ये येते आणि वायपरखालच्या जाळीतली पानं वेचते. तिला हे काम कुणी सांगितलेलं नाही. आम्हाला करताना बघून शिकली.