मोठे म्हणजे किती मोठे?



दहावी-बारावीच्या मुलांना 'मोठा' याचे इंग्रजी विचारा. 'बिग', 'लार्ज', 'ह्यूज' हे तीन शब्द ती पटकन सांगतात. पण व्यवहारातल्या पुष्कळ गोष्टी लहान नसतात, तशा अवाढव्यही नसतात. मराठीत आपण त्यांना 'बऱ्यापैकी मोठ्या' म्हणतो. इंग्रजीतही या मधल्या मापाचे शब्द आहेत आणि नोकरीच्या वा भरपाईच्या अर्जात तेच कामाला येतात.

'फेअर्ली लार्ज' सर्वांत सोपा. 'व्हेरी लार्ज'पेक्षा एक पायरी खाली. 'लार्जिश', 'बिगिश' याच मापाचे, पण ते बोलण्यातले. अर्जात लिहू नयेत.

'साइझेबल' म्हणजे आकाराने किंवा संख्येने नजरेत भरेल इतका. साइझेबल प्लॉट, साइझेबल क्राउड. स्पेलिंगमध्ये झेडनंतरचा ई ठेवला किंवा गाळला, तरी चालते.

'कन्सिडरेबल' म्हणजे दखल घ्यावी इतका. खर्च, उशीर, नुकसान, अनुभव यांना तो शोभतो. बायोडाटात 'लार्ज एक्सपीरियन्स' नको, 'कन्सिडरेबल एक्सपीरियन्स' लिहावे. मात्र 'कन्सिडरेट' हा वेगळा शब्द. माणूस कन्सिडरेट, म्हणजे दुसऱ्याचा विचार करणारा असतो. नुकसान कन्सिडरेबल असते.

'सबस्टॅन्शियल' या शब्दात आकाराबरोबर वजनही आहे. पोटभर जेवण सबस्टॅन्शियल, भक्कम घरही सबस्टॅन्शियल. कायद्याला हा शब्द फार प्रिय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे उच्च न्यायालयात दुसरे अपील करायचे, तर त्यात कायद्याचा 'सबस्टॅन्शियल' प्रश्न असावा लागतो. दाव्याची रक्कम मोठी असून भागत नाही, प्रश्न वजनदार हवा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४७ मध्येही हा शब्द आहे. राज्यातील लोकसंख्येच्या 'सबस्टॅन्शियल' हिश्शाला आपल्या भाषेला मान्यता हवी आहे, अशी राष्ट्रपतींची खात्री झाली, तर ते तसा निर्देश देऊ शकतात. किती टक्के, ते तिथे लिहिलेले नाही.

आता आपल्या कामाचे. पावसाचे पाणी घरात शिरले, धान्य आणि अंथरूण भिजले. अर्जात 'ह्यूज लॉस' लिहिले आणि खाली तीन हजारांची यादी जोडली, तर वाचणारा खऱ्या यादीवरही शंका घेतो. उलट भिडेपोटी 'स्मॉल लॉस' लिहिले, तर कागद बाजूला पडतो. ज्याच्या घरी हातावर पोट आहे, त्याला तीन हजार लहान नाहीत. म्हणून 'कन्सिडरेबल लॉस' लिहावे आणि त्याच ओळीत आकडा द्यावा: तांदूळ इतके किलो, गाद्या इतक्या, किंमत इतकी. मी कारकुनी करतो, म्हणून सांगतो: विशेषणामुळे अर्ज वाचला जातो, पण मंजुरी आकड्यावर मिळते.

मुलांनी या चार शब्दांची प्रत्येकी दोन वाक्ये वहीत लिहावीत. आईवडिलांना इंग्रजी येत नसले, तरी त्यांनी एवढे जरूर विचारावे: "बाळा, म्हणजे नक्की किती मोठे?"